ह्याचं काय करायचं?

घड्याळं जमवणाऱ्याला कुणी विचारत नाही की एवढ्या घड्याळांचं काय करणार, तिकिटं-नाणी जमवणाऱ्याचं तर कौतुकच होतं, पण तुम्ही घडी होणारे चार चाकू घरात आणून ठेवा, आल्यागेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "आणि ह्याचं काय करायचं?" आमच्या लातूरकडं तर विचारायच्या आधी माणूस एकदा चाकूकडं आणि एकदा आपल्या तोंडाकडं बघतो. त्याचं तरी काय चुकतंय, पेपरात चाकू येतो तो कायम भांडणाच्या बातमीत. घरातली विळी, शेतातलं खुरपं, ही सगळी इज्जतदार मंडळी, खिशातला तेवढा गुंड.

आणि तसं बघायला गेलं तर लोखंडाशिवाय आपलं पान हलत नाही. बाळंतिणीच्या उशाखाली चाकू नाहीतर अडकित्ता, हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार, तिथं कुणी काही विचारत नाही.

मला विचाराल तर नव्या माणसानं लाल स्विस चाकूपासूनच सुरू करावं, कारण त्याच्याकडं ह्या प्रश्नाचं उत्तर आधीपासून तयार आहे. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिरानं १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली तेव्हा त्या शिपायाच्या चाकूत पातं, भोक पाडायचा टोच्या, डबा उघडायचं हत्यार आणि स्क्रू ड्रायव्हर एवढंच होतं, आणि स्क्रू ड्रायव्हर कशाला तर नव्या रायफलीचे स्क्रू खोलायला. म्हणजे कामं आधी ठरली, चाकू नंतर झाला. मग १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला, त्यात बारकं पातं आणि बाटलीचं बूच काढायचा पिळाचा स्क्रू आला. आता लातुरात वाईनची बाटली किती जण उघडतात हे सोडा, पण सोयाबीनच्या पोत्याची सुतळी अशी काही गाठ मारून बसते ना, तिथं तो पीळ गाठीत घालून फिरवला की झटक्यात ढिली होते, नखं तुटत नाहीत, दात लावावे लागत नाहीत. एल्सनर साहेबांना हे कुणी सांगितलं असतं तर खूश झाले असते.

दुसरा घ्यावा तो फ्रान्सचा ओपिनेल. साधी गोल लाकडी मूठ, एक पातं, बास. जोसेफ ओपिनेलनं सव्हॉय भागात १८९० मध्ये बनवला आणि पुढं त्याचे १ ते १२ नंबर काढले, त्यातला ८ नंबर सगळ्यात चालतो, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, पेरूला पण बरोबर आणि काकडीला पण. मुठीच्या तोंडाशी फिरणारी एक कडी आहे, ती १९५५ मध्ये आली, ती फिरवली की पातं बोटावर मिटत नाही. लाकूड ओलं झालं की फुगतं आणि पातं आत अडकतं, मग मुठीचं बूड टेबलावर आपटून ते बाहेर काढायचं अशी तिकडची पद्धत. ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हे टेन्शन तसं कमीच, पण जुलैत एखाद्या वर्षी होतं.

हा चाकू घेताना स्टेनलेसचा नको, कार्बन स्टीलचाच घ्या असं मी म्हणतो, घरचे वेगळं म्हणतील. कैरी कापली, चिंच कापली, जालन्याची मोसंबी कापली की आंबटानं त्या पात्यावर निळसर-करडे डाग पडतात, आणि ते डाग म्हणजेच त्या चाकूची शोभा, शौकीन लोक त्याला पॅटिना म्हणतात, माझी बायको त्याला घाण म्हणते आणि तारेच्या घासणीनं पुसून चकचकीत करून ठेवते. पण लाल तांबेरा वेगळा, तो येऊ द्यायचा नाही, काम झालं की पुसायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावायचा. धारेला महागडा दगड आणायची पण घाई नको, चिनी मातीचा कप पालथा केला की बुडाशी चकाकी नसलेली खरबरीत कड असते, त्यावर हलक्या हातानं ओढत राहायचं, टोमॅटोची साल दाब न देता कापली गेली म्हणजे झालं.

बटण दाबलं की फटकन उघडणारे आणि ड्रॅगनच्या मुठीवाले चाकू मात्र घेऊ नका, एक तर दिसायला थिल्लर, वर निस्तरायला अवघड. आपल्याकडं २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचा चाकू हत्यारात मोजतात, घरकाम-शेतीचा असेल तर गोष्ट वेगळी. आणि सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे, म्हणजे हत्यारं घेऊन फिरायला बंदीचे, आदेश निघतात तेव्हा बारका असला तरी चाकू घरात ठेवून गर्दीत जावं, उगाच चौकात पॅटिना समजावून सांगत बसायची पाळी नको. विमानात केबिनमध्ये नेऊच देत नाहीत.

बाकी चाकूचा खरा भाव कळतो तो येळवशीला, म्हणजे अमावस्येला शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायच्या आमच्याकडच्या सणाला. शेतात कडब्याची कोप उभी आहे, भज्जी-आंबिल चाललीय, आणि ऊस सोलायचाय, पेरू कापायचाय, पोरांच्या पतंगाचा मांजा तोडायचाय, विळा कुणीतरी घरीच विसरलेलं असतं. मग जे पाहुणे दिवाळीत "कशाला असले धंदे करायलास" म्हणत होते तेच हात पुढं करतात, "दे रे तुझा तो." एकदा दिला की संध्याकाळपर्यंत परत येत नाही, आणि येतो तेव्हा पातं उसाच्या रसानं चिकट.

परदेशी दोन झाले की देशी बघावेत. रस्त्याकडेला भाता लावून बसणारे घिसाडी लोक असतात त्यांच्याकडून बारकं खुरपं, ते मिटत नाही, खिशात मावत नाही, तरी माझ्या डब्यात आहे. सध्या मन अडकलंय डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, भरायच्या चाकूवर, ज्यानं मोसंबीची कलमं करतात. खालच्या रोपाच्या, म्हणजे खुंटाच्या, सालीला टी आकाराची चीर द्यायची आणि चाकूच्या मागच्या चपट्या जिभेनं साल अलगद उचलून आत डोळा बसवायचा, एवढ्या एका कामासाठी घडवलेली वस्तू, बघूनच जीव जातो. लातूरच्या गंजगोलाई बाजाराकडं एका दुकानात मागितला तर दुकानदार खूश, म्हणला, "बाग किती एकर आहे?" म्हणलं, गॅलरीत कुंडी आहे, लिंबाची. त्यानं चाकू कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं की मग खत पण देऊ का.