वय अंदाजे पंधरा

सिव्हिलमध्ये दातांची डॉक्टर म्हणून काम करताना किडलेल्या दाढा आणि तंबाखूने आखडलेली तोंडं हे रोजचंच. त्याशिवाय एक काम अधूनमधून येतं, वयनिश्चितीचं. बालकल्याण समितीचं किंवा कोर्टाचं पत्र येतं, सोबत पोलीस किंवा बालगृहाचा कर्मचारी, आणि त्यांच्यामध्ये कुणीतरी, ज्याच्याकडे ना शाळेचा दाखला ना जन्माचा. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ने क्रम ठरवून दिलाय. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका नाहीतर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तर माणूस आमच्याकडे. मग रेडिओलॉजिस्ट हाडं बघतात, मी दात बघते, मेडिकल ऑफिसर बाकीचं शरीर बघतात आणि तिघांच्या सह्यांनी अहवाल जातो.

त्याच कलमात अशीही तरतूद आहे की समोरची व्यक्ती मूल आहे हे दिसण्यावरूनच उघड असेल, तर समितीने अंदाजे वय नोंदवून पुढचं काम सुरू करावं, पुराव्यासाठी अडून बसू नये. तरतूद शहाणपणाची आहे. सहा वर्षांच्या पोरीला एक्सरेच्या टेबलावर झोपवायची काय गरज? पण मी जी केस सांगतेय, तिच्यात सगळी पंचाईत त्या ‘दिसण्यावरून’नेच केली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

तो जंक्शनच्या फलाटावर सापडला होता. शेलाटा, गोरा, बिनकॉलरचा पिवळा टीशर्ट, इलॅस्टिकची पँट, वेल्क्रोचे बूट. ओठांवर विरळ लव, मिसरूड फुटतंय असं वाटावं इतपत. पोलिसांनी कागदावर लिहिलं होतं, ‘वय अंदाजे १५, मूकबधिर असण्याची शक्यता’. मूकबधिर तो मुळीच नव्हता. प्रश्नातला शेवटचा शब्द तो उचलायचा आणि तुमच्याच सुरात परत करायचा. “नाव काय?” “काय.” “कुठून आलास?” “आलास.” फलाटावरच्या गोंगाटात हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. अशी मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शंका मला दोन मिनिटांत आली. वयाची शंका मात्र माझी नव्हे. ती त्याला घेऊन आलेल्या बालगृहाच्या काळजीवाहकांची.

“मॅडम, सायबांनी पंधरा लिवलंय,” ते माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाले, “पन मी याचे केस कापले. कानामागं पांढरे हायेत. आन हात बघा की याचे. हे काय पोराचे हात हायेत?”

हात खरंच पोराचे नव्हते. चेहरा सोडून हात बघितले की वय एकदम पुढे सरकायचं. मनगटाजवळ शिरा वर आलेल्या, बोटांच्या पेरांवर सुरकुत्या, आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी जाड घट्टा. हा घट्टा कसला ते थोड्याच वेळात त्यानेच दाखवलं. बाहेर कुणाचा तरी मोबाइल कर्कश वाजला, तेव्हा त्याने अंगठ्याचं मूळ दातांत धरलं आणि आवाज थांबेपर्यंत सोडलं नाही. असा घट्टा वर्षानुवर्षांचा असतो.

खुर्चीवर बसायला तो तयार नव्हता, म्हणून उभ्यानेच तपासलं. तोंडाचा आरसा आधी त्याच्या हातात दिला. त्याने तो हुंगला, दिव्याखाली धरून त्याचा कवडसा छतावर चारदोनदा फिरवला आणि मग स्वतःच आ केला. मला पहिल्यांदा दिसली ती उजव्या खालच्या दाढेवरची स्टीलची कॅप. म्हणजे तिथे रूट कॅनाल झालेलं असणार. जो माणूस खुर्चीवर बसत नाही, त्याचं रूट कॅनाल बहुधा पूर्ण भूल देऊन करावं लागतं. त्याला पैसा लागतो, खेपा घालाव्या लागतात, आणि सगळं जमवून आणणारं कुणीतरी लागतं. हा बेवारस नव्हता. कुठल्यातरी घरात या क्षणी आकांत चालू होता.

दात बरेच झिजलेले होते. झीज बघून वय सांगायचा मोह होतो, पण इथे तो आवरावा लागतो. ऑटिझम असलेल्यांत रात्री दात खाण्याची सवय बऱ्याचदा आढळते आणि ती ऐन विशीतही दाढा सपाट करून टाकते. भरवशाची गोष्ट म्हणजे अक्कलदाढेचं मूळ. साधारण सतराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत ही दाढ बाहेर येते आणि तिच्या मुळांची टोकं त्याच सुमारास हळूहळू बंद होतात. टोकं पूर्ण बंद दिसली, तर पंधरा वर्षांचा प्रश्नच उरत नाही. त्यासाठी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्सरे, काढायला हवा. तो काढताना मशीन डोक्याभोवती घरघरत फिरतं आणि पंधराएक सेकंद माणसाने अजिबात हलायचं नसतं. टेक्निशियन माझ्याकडे बघून हसला. हा कसला उभा राहतोय!

तो उभा राहिला. नुसता उभा राहिला नाही, डोळे मशीनवर लावून पुतळ्यासारखा उभा राहिला, कारण ते फिरत होतं. काम संपलं तरी हलेना. “परत,” तो म्हणाला. त्या दिवशी त्याच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द, जो कुणाच्या प्रश्नातून उचललेला नव्हता. परत काढणं शक्य नव्हतं, उगाच रेडिएशन कशाला. मग टेक्निशियनने ट्यूब बंद ठेवून मशीन नुसतं एकदा फिरवून दाखवलं. हे कुठल्या नियमात बसतं मला विचारू नका.

चारही अक्कलदाढांची मुळं पूर्ण बंद होती, दातांच्या आतली पोकळीही अरुंद झालेली. दुपारी रेडिओलॉजिस्टांचा निरोप आला. मनगटाचं हाड जुळलेलं (वाढ संपली की हाडाची टोकं मूळ हाडाशी एकजीव होतात), कमरेच्या हाडाची कड जुळलेली, आणि गळ्याच्या हाडाचं छातीकडचं टोकही जुळलेलं. हे शेवटचं टोक शरीरात सगळ्यात उशिरा जुळणाऱ्यांपैकी आहे. हाडांवरून काढलेल्या वयात दोनेक वर्षं इकडेतिकडे धरायची पद्धत आहे, पण ती वाढत्या वयात. एकदा सगळं जुळून गेलं की आम्ही खालची मर्यादा तेवढी सांगू शकतो. अहवालात लिहिलं, ‘वय २५ वर्षांपेक्षा जास्त’. ओळखीच्या खुणांत मी दाढेवरची कॅप आणि अंगठ्याचा घट्टा घातला.

समितीच्या कक्षात बातमी पोचली तेव्हा तिथल्या एका सदस्यबाईंनी मला फोन केला. “मॅडम, तुम्ही खात्रीने सांगताय ना? चेहरा तर अगदी कोवळा आहे हो.”

चेहरा कोवळा आहे हे खरंच. पण ऑटिझमच्या निदानात चेहऱ्याचा उल्लेखही नसतो. निदान होतं ते लोकांशी होणाऱ्या देवाणघेवाणीतल्या अडचणींवरून, पुन्हापुन्हा केल्या जाणाऱ्या वागण्यावरून आणि आवाज-स्पर्श-उजेड कमीजास्त जाणवण्यावरून. मग हे लोक लहान का दिसतात? माझं मत असं, की आपण वय नुसत्या कातडीवरून ओळखत नाही. समोरचा नजर कशी देतो, उभा कसा राहतो, ओळख नसलेल्या माणसाशी कोणत्या सुरात बोलतो, केस कसे ठेवतो, कपडे कुठून घेतो, या सगळ्याची आपण नकळत बेरीज करतो. कॉलर टोचते म्हणून टीशर्ट, बटणं नकोशी म्हणून इलॅस्टिक, सलूनमधल्या मशीनचा आवाज सोसत नाही म्हणून घरी कापलेले केस. एकेक गोष्ट सोयीची आहे. सगळ्यांची बेरीज मात्र शाळकरी मुलगा. शिवाय ऑटिझम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मूलच येतं. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरने १९४३ साली ऑटिझमवरच्या आपल्या लेखात ज्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यांतला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट पुढे बँकेत नोकरी करून, गोल्फ खेळून, २०२३ साली वयाच्या ८९व्या वर्षी वारला. त्याचा म्हातारपणीचा फोटो किती जणांनी पाहिलाय?

आता खरी गोम. फलाटावर सापडल्यापासून त्याचा शोध हरवलेल्या मुलांच्या यादीत चालला होता. अठराच्या आतलं मूल हरवलं की पोलीस अपहरणाचा गुन्हा नोंदवतात, मुलांच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या जातात, ‘ऑपरेशन मुस्कान’सारख्या मोहिमाही मुलांसाठीच. प्रौढ माणूस हरवला की ‘मिसिंग’ची नोंद होते आणि ती दुसऱ्याच रजिस्टरला पडून राहते. दोन जिल्हे पलीकडच्या एका ठाण्यात त्याच्या घरच्यांनी तक्रार दिलेली होती, तो हरवला त्याच रात्री, फोटोसकट. वय ३१. दोन्ही ठिकाणी माणसं आपापल्या परीने काम करत होती आणि दोन कागद एकमेकांना भेटायची शक्यता शून्य होती. आमच्या अहवालानंतर प्रौढांची यादी उघडली गेली. तक्रारीत त्याच्या आईने खूण सांगितली होती, ‘उजव्या खालच्या दाढेला चांदीसारखी टोपी’.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुटुंब आलं. तो माझ्याच ओपीडीत होता, कारण डाव्या बाजूची एक दाढ आतून सडलेली मला दिसली होती आणि तो अधूनमधून त्याच गालावर थापडा मारत होता. बालगृहात याला ‘हट्ट’ म्हणत होते. दारातून कडेवर वर्षभराचं बाळ घेतलेली एक बाई आत आली, मागे तिची आई. ती बाई त्याच्याजवळ गेली, पण अंगाला हात लावला नाही. हातभर अंतरावर थांबून म्हणाली, “दादा, मी आलेय. आई पण आलीय.” माझी नर्स माझ्याकडे बघायला लागली. पंधराचा म्हणून आणलेला पोरगा या बाळाचा थोरला मामा होता.

“दादा, आलीय,” तो म्हणाला आणि बाळाचं पाऊल धरून बघत बसला.

आईचे डोळे वाहत होते, तरी मधेच ती कौतुकाने म्हणाली, “सगळे म्हनतात जी, कॉलेजातलाच पोरगा वाटते.” बहिणीचा आवाज चढला. “आई, त्या वाटण्यापायीच एवढे दिवस गेले.” मग मला सांगत राहिली. मतदान केंद्रावर कार्ड दाखवूनही वय विचारतात. परवापरवापर्यंत याला लहान मुलांच्या डॉक्टरांकडेच नेत होतो, मोठ्यांचे डॉक्टर घ्यायला तयार नव्हते. दुकानदार त्याला सोडून तिला विचारतो, ‘बाबूला काय हवं?’

दाढेचा विषय निघाला तेव्हा आईने पेन मागितलं. “सही मी करतो ना जी, आई आहो मी त्याची.” इथे मला नाही म्हणावं लागलं. अठरा पूर्ण झाली की आईबापांचा सहीचा हक्क आपोआप राहत नाही, मूल कितीही लहान दिसो. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती अशा प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमते. त्यासाठी तेरा वर्षांपूर्वीच अर्ज करायला हवा होता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वही आहे. त्यात निर्णय त्या व्यक्तीच्या सोबतीने घ्यायचा असतो, तिला वगळून नव्हे.

बहिणीला हे दुसरं आवडलं, आईला पहिलं. “त्याले काय समजते?” आई म्हणाली. मी त्याला दाढेचं चित्र दाखवलं, नंतर दाढ काढल्यावरचं. त्याने दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं आणि तोच हात डाव्या गालाला लावला. कायद्याच्या भाषेत ही संमती पुरेशी नाही, पण आईच्या सहीपेक्षा मला ती जास्त पटली.

त्या दिवशी फक्त औषधं दिली, सूज उतरवली. दाढ पुढे त्यांच्या गावाजवळच्या रुग्णालयात भूल देऊन काढली. तिथल्या डॉक्टरांना मी दोन पानांचं पत्र दिलं होतं, त्यात आरसा आधी हातात द्या हेही लिहिलं होतं. पालकत्वाचा अर्ज गेलाय. त्यावर आईचं नाव आहे आणि बहिणीचंही, आणि कोणत्या कलमाखाली जायचं यावरून दोघींचं अजून जुळलेलं नाही.