पन्नास मेगाबिटांतली फायनल

१८ डिसेंबर २०२२, रविवार. अर्जेंटिना-फ्रान्स फायनल रात्री साडेआठला, आणि कोल्हापुरातल्या आमच्या केबल टीव्हीच्या कंट्रोल रूमचा फोन सकाळी साडेनऊलाच तापलेला. सेमीफायनल पुन्हा दाखवत होते आणि पेठांतून एकच तक्रार येत होती, "मैदानाचा चिखल झालाय ओ. बॉल दिसंना." वर्ल्ड कप आला की इथल्या गल्ल्यांत मेस्सी-रोनाल्डोचे कटआउट चढतात आणि तालमींत पैजा लागतात. अशा गावात ही तक्रार 'सोमवारी बघू' म्हणून टाळता येत नाही.

चिखल कुठून आला ते कळायला आधी पाइपचा हिशेब बघावा लागतो. केबलवर एका फ्रिक्वेन्सीची रुंदी ८ मेगाहर्ट्झ. ॲनालॉगच्या दिवसांत त्या जागेत एकच चॅनल बसायचा. आता २५६-क्वॅम मॉड्युलेशनने, म्हणजे लहरीवर बिट चढवायच्या एका पद्धतीने, सेकंदाला ६.८७५ मेगासिम्बॉलच्या वेगाने, त्याच जागेतून सेकंदाला साधारण ५०.७ मेगाबिट जातात. त्यातले दीडेक मेगाबिट कुठला चॅनल कुठे आहे ते बॉक्सला सांगणारी कोष्टकं, कार्यक्रमपत्रिका आणि कार्ड चालू-बंद करायचे आदेश खातात. उरले ४९. एमपेग-४ या चित्र दाबायच्या पद्धतीत साधा म्हणजे एसडी चॅनल दोन मेगाबिटांत बरा दिसतो, एचडीला सात-आठ लागतात. म्हणजे एका फ्रिक्वेन्सीत सहा एचडी घाला, नाहीतर चोवीस एसडी. एमपेग-२ या जुन्या पद्धतीवरच अडकलेले बॉक्स असतील तर एसडीचा आकडाही चौदा-पंधरावर येतो.

आमच्या त्या फ्रिक्वेन्सीवर चोवीस होते. त्यातले चार नोव्हेंबरमध्ये घुसवलेले, कारण पॅकेजच्या कागदावर आकडा वाढवायचा होता. सामन्याचा एसडी चॅनल याच गर्दीत.

चॅनलना बिट वाटून देणाऱ्या मल्टिप्लेक्सरचा आलेख उघडला आणि दोष समोर आला. खेळाच्या चॅनलची रेघ एरवी डोंगरदऱ्यांसारखी असते. स्टुडिओतली चर्चा आली की खाली, कॅमेरा मैदानभर फिरला की वर. इथे ती २.५ मेगाबिटांवर कात्रीने कापल्यासारखी सपाट होती. चार नवे चॅनल घालताना पाइप फुटू नये म्हणून सगळ्यांना सरसकट २.५ ची कमाल मर्यादा लावली होती. लावणारा मीच.

फुटबॉल हे एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबून बिटांत बसवणाऱ्या यंत्राला, सगळ्यात जड जाणारं चित्र. गवताचं पातं न् पातं वेगळं, त्यावरून कॅमेरा आडवा धावतो, आणि महत्त्वाची वस्तू म्हणजे चेंडू, तो लांबच्या शॉटमध्ये जेमतेम आठ-दहा ठिपक्यांचा. बिट कमी पडले की एन्कोडर आधी बारीक पोत सोडतो. गवत सपाट हिरवं होतं, मग त्याचे चौकोन दिसू लागतात आणि चेंडू त्यात विरघळतो. बातम्यांच्या चॅनलला हाच २.५ चा आकडा चैनीचा ठरतो. निवेदकाच्या मागची भिंत काही धावत नाही.

उपाय दोन. चार चॅनल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर हलवायचे, हा पहिला आणि खरा. पण हलवलं की नेटवर्कचं कोष्टक बदलतं, बॉक्सना नवा शोध घ्यावा लागतो, आणि काही जुने बॉक्स तो आपणहून घेत नाहीत. फायनलच्या दिवशी 'चॅनलच गेला' म्हणून दोनशे फोन ओढवून घेण्यात शहाणपण नव्हतं. म्हणून दुसरा उपाय केला. खेळाच्या चॅनलला किमान ३, कमाल ५ आणि प्राधान्य सर्वांत वरचं. भक्तीचे दोन आणि घरबसल्या खरेदीचे तीन चॅनल, ज्यांत चित्र फारसं हलत नाही, त्यांची कमाल १.२ आणि किमान ०.८. किमान आकड्यांची बेरीज ४९ च्या बरीच खाली आहे ना, हे कागदावर दोनदा तपासलं. ती वर गेली तर बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, भरतो, आणि मग एक नाही, चोवीसच्या चोवीस चॅनल चौकोन टाकतात.

हिशेब गमतीचा आहे. चोवीस जणांत ४९ वाटले तर प्रत्येकी २.०४. एकाला ४ दिले तर उरलेल्या तेवीस जणांना सरासरी १.९६. म्हणजे इतरांच्या ताटातून ०.०८ उचललं की गवत परत गवत दिसतं. हे महिनाभर कुणाला सुचलं नाही, कारण महिनाभर कुणी मागितलंच नव्हतं. लोक विचारत होते, "किती चॅनल येतात?"

हा प्रश्न जुनाच. केबलच्या डिजिटायझेशनच्या तिसऱ्या टप्प्यात उरलेली शहरं आली, त्यात कोल्हापूर. मुदत ३१ डिसेंबर २०१५. त्या वर्षी बॉक्स बसवायला दारोदार फिरताना 'चित्र स्वच्छ येईल' हे वाक्य सांगून मी थकलो, आणि बॉक्स बसले ते चॅनलच्या यादीवर. २०२२ चा सरकारी नियमही मोजण्याचीच भाषा बोलायचा. नेटवर्क शुल्काच्या हिशेबात एक एचडी चॅनल दोन एसडी धरला जायचा. चांगल्या चित्राची नोंद तिथे 'एक जागा जास्त अडवली' एवढीच.

आणि हे केबलचं एकट्याचं नाही. १९७५ मध्ये आलेल्या बीटामॅक्सच्या कॅसेटवर एक तास मावायचा, पुढच्या वर्षी आलेल्या व्हीएचएसवर दोन. चित्र बीटामॅक्सचं उजवं मानलं जायचं, पण दोन तासांत अख्खा सिनेमा बसतो. घरोघर व्हीसीडी आल्या तेव्हा त्यांचं चित्र ३५२ बाय २८८ चं, १.१५ मेगाबिटांचं, एका तबकडीवर ७४ मिनिटं, म्हणजे मध्यंतराला उठून तबकडी बदलायची. कुणी नावं ठेवली नाहीत. एफएमचं उदाहरण तर अजून बोलकं. अमेरिकन अभियंता आर्मस्ट्राँगचं पेटंट १९३३ चं, आवाज मध्यमलहरींपेक्षा, म्हणजे एएमपेक्षा, कितीतरी स्वच्छ. तरी अमेरिकेत एफएमने श्रोत्यांच्या संख्येत बाजी मारायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली. मधे १९६० च्या दशकात तिथल्या नियामकाने मोठ्या शहरांतल्या एफएम केंद्रांना एएमचाच कार्यक्रम दिवसभर पुन्हा वाजवायला बंदी केली. वेगळं काही ऐकायला मिळू लागलं, मग लोकांनी एफएमचे सेट घेतले.

दुपारी शिवाजी पेठेतल्या एका तालमीत गेलो. तिथली तक्रार वेगळी होती. त्यांच्याकडे एचडीचा बॉक्स, ५५ इंची टीव्ही, एचडी पॅकचे पैसेही चालू. तरी चित्र 'धुतल्यासारखं'. वर अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर लाल-हिरवी किनार नाचत होती. ती किनार दिसली की टीव्हीच्या मागे वाकायचीही गरज नसते. उजेड आणि रंग एकाच तारेतून येतात तेव्हा बारीक पट्ट्यांना टीव्ही रंग समजून बसतो. वाकून बघितलं, पिवळी पिन. बॉक्स दीड वर्षापूर्वी बसवताना जुन्या टीव्हीची पिवळी-लाल-पांढरी वायर तशीच लावली होती. एचडीएमआयची वायर खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठसुद्धा न सुटलेली.

ती लावली, तरी चित्र आलं ५७६ रेघांचं, म्हणजे एसडीचंच. बॉक्सच्या मेनूत आउटपुट ५७६आय वर होतं, ते १०८०आय केलं. मग लक्षात आलं की मंडळी बघत होती तो नंबरही एसडी चॅनलचा. तोच पाठ झालेला. एचडीचा नंबर लावला, आणि चित्र पाच सेकंदांनी थबकलं. आवाज तुटला, पडदा काळा.

वयस्कर आण्णा खुर्चीवरून म्हणाले, "ऱ्हावू दे की भावा. ते आधीचं बरं हुतं, थांबत न्हवतं."

हे वाक्य मी दहा वर्षांत दहा प्रकारांनी ऐकलंय. मीटर लावला. बॉक्सपाशी ३०६ मेगाहर्ट्झला, जिथे एसडीची फ्रिक्वेन्सी, सिग्नलची ताकद ५३ डीबीमायक्रोव्होल्ट आणि एमईआर, म्हणजे सिग्नलच्या स्वच्छतेचा आकडा, ३४. एचडी ६९० ला, तिथे ४३ आणि २८. २५६-क्वॅमला एमईआर किमान ३२ हवा, २८ वर चुका दुरुस्त करायची क्षमता संपते. डिजिटलमध्ये हळूहळू मुंग्या येत नाहीत, कड्यावरून पडल्यासारखं चित्र एकदम जातं. आरजी-६ या घरापर्यंत येणाऱ्या केबलच्या वायरीत ३०० मेगाहर्ट्झला शंभर मीटरला बारा डीबीच्या आसपास जातात, ७०० ला अठराच्या आसपास. तालमीपर्यंत साठेक मीटर वायर, म्हणजे फरक चारचा पडायला हवा होता. इथे दहाचा होता. उरलेले सहा कुठे गेले?

टॅपवरच्या, म्हणजे मुख्य लाइनीवरून घराची वायर निघते त्या डबीवरच्या, पिनमध्ये. लाइनमन शिडी लावून चढला आणि पिन काढून खाली टाकली. आत हिरवट बुरशी, जाळीदार आवरण काळं पडलेलं, मधल्या तारेवर पांढरी पूड. रबरी बूट नव्हता, आणि पिनेआधी वायरीला खाली झोल न देता ती सरळ वरून आणलेली, म्हणजे पावसाळाभर पाणी वायरीवरून घसरत थेट पिनेत. पाण्याचा मार उंच फ्रिक्वेन्सीला जास्त बसतो, म्हणून एसडी टिकलं आणि एचडी मेलं. पाऊण मीटर वायर कापली, दाबून बसणारी नवी पिन, बूट, आणि पिनेच्या आधी वीतभर झोल. मीटरवर ६९० ला ४९, एमईआर ३५. चित्र उभं राहिलं.

पण एवढ्या वेळात आण्णांनी एचडीबद्दल मत बनवलेलं होतं. दीड वर्ष पैसे भरून त्यांनी एचडी पाहिलंच नव्हतं, आणि पाहिलं तेव्हा पहिल्या पाच सेकंदांत ते अडकलं. नवं तंत्र लोक नाकारतात ते बहुधा असं. चित्र किती चांगलं, हे बघायच्या आधी ते थांबतं का, हे बघितलं जातं, आणि त्या परीक्षेत पहिलीच संधी शेवटची असते.

रात्री तालमीतच थांबलो, मीटर लावूनच. हॉल भरलेला, दारात चपलांचा ढीग. मागच्या गल्लीत दुसऱ्या मंडळाने फायबरचं ब्रॉडबँड घेऊन स्मार्ट टीव्हीवर स्ट्रीमिंग लावलं होतं. ते चित्र आमच्या एचडीपेक्षा सरस होतं, हे मी जाऊन स्वतः पाहून आलो. गवत मोजून घ्यावं इतकं.

तेविसाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी. आमच्याकडे आरोळी उठली, आणि मागची गल्ली शांत. मी मोबाइलवर सेकंद मोजले. चौतीस. स्ट्रीमिंगमध्ये चित्राचे चार-सहा सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, टीव्ही त्यातले तीनेक तुकडे आधी साठवतो मग दाखवतो, शिवाय मधल्या सर्व्हरांचा वेळ. आमचं चित्र उपग्रहाकडे ३६ हजार किलोमीटर जाऊन परत येतं तरी त्या प्रवासाला पाव सेकंद लागतो. बाकी वेळ एन्कोडरचा, काही सेकंदांचा.

डी मारियाच्या गोलाला मागच्या गल्लीतली पोरं दारात डोकावू लागली. मध्यंतरानंतर ती आतच आली. एम्बाप्पेने ९७ सेकंदांत दोन गोल केले तेव्हा आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गल्लीतला तो सुंदर टीव्ही चारपाच जणांसमोर चालू होता. एक पोरगा म्हणाला, "तिकडं दिसतंय भारी, पण आधी ऐकू येतंय आणि मग दिसतंय. काय मजा न्हाई."

पेनल्टी शूटआउट ४-२ ने सुटलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. फटाके, गुलाल, गाड्यांचे हॉर्न. मीटरवर शेवटपर्यंत ३५. कंट्रोल रूममधून मल्टिप्लेक्सरचा आलेख मोबाइलवर मागवला. खेळाची रेघ ४.६ पर्यंत चढून उतरत होती, डोंगरदऱ्या परत आलेल्या. 'चित्र सुधारलं' असं सांगायला एकही फोन आला नाही. चिखलाचे फोन थांबले, एवढंच.

सोमवारी सकाळी सात वाजता मात्र एक फोन आला, मंगळवार पेठेतल्या एका आजींचा. मंदिराच्या थेट दर्शनात अभिषेकाच्या वेळी देवाचा चेहरा चौकोनी झाला म्हणत होत्या. १.२ ची मर्यादा लावताना मी गृहीत धरलं होतं की भक्तीच्या चॅनलवर चित्र हलत नाही. मूर्तीवर धार धरलेलं दूध, त्यावर उडणारे थेंब, वर समईचा हलता उजेड. एन्कोडरच्या दृष्टीने हे फुटबॉलच्या गवताइतकंच जड. आजींची माफी मागितली आणि दोन्ही चॅनल परत २.५ वर नेले. खेळाचा ५ वरच ठेवला.

दहा वाजता ऑफिसातून विचारणा आली, त्या फ्रिक्वेन्सीवर पंचविसावा बसेल का.