रशियन शिकताना मराठी हाताशी असू द्या

रशियन फार अवघड असते, हे ठाण्यात माझ्याकडे शिकायला येणारे बहुतेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी ऐकवतात. त्यांपैकी काही जण वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेले असतात. तिथे वर्ग इंग्रजीतून भरले, तरी रुग्णांशी बोलायला रशियनच लागते. ही मंडळी इंग्रजी पाठ्यपुस्तक समोर ठेवतात आणि इंग्रजीत नसलेल्या ज्या गोष्टींची धास्ती घेतात, त्यांतल्या बऱ्याच मराठीत रोज वापरत असतात.

लिपीचा बाऊ करण्याचे कारण नाही. सिरिलिकमध्ये ३३ अक्षरे आहेत आणि रोज थोडा वेळ दिला, तर ती लवकर हाताखाली बसतात. फसवतात ती रोमनसारखी दिसणारी अक्षरे: 'पी'सारखे दिसते ते 'र', 'सी'सारखे ते 'स' आणि 'एच'सारखे ते 'न'. त्यामुळे 'रेस्तरान' ही पाटी नवखा माणूस हमखास 'पेक्टोपाह' अशी वाचतो.

खरा विषय विभक्तीचा. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत. आपण 'ठाणे'चे 'ठाण्यात', 'ठाण्याला', 'ठाण्याहून' असे सहज करतो. रशियनमध्ये 'मस्क्वा', म्हणजे मॉस्को, याचे 'व मस्क्वे' (मॉस्कोत), 'व मस्क्वू' (मॉस्कोला) आणि 'इज मस्क्वी' (मॉस्कोहून) असे होते. अव्यय नामाच्या आधी येते एवढे नवे. पण पहिल्या दोन रूपांत 'व' तोच असल्यामुळे, माणूस तिथे आहे की तिकडे निघाला आहे, हे केवळ शेवटच्या स्वरावरून ओळखावे लागते. म्हणून मी कोष्टक पाठ करायला सांगत नाही, तर 'कुठे', 'कुठल्या गावाला' आणि 'कुठून' हे प्रश्न विचारत राहतो. विशेषणांपाशी मात्र मराठीची मदत तोकडी पडते, कारण आपले 'मोठ्या' हे एकच रूप सगळीकडे चालते आणि रशियन विशेषण जवळजवळ प्रत्येक विभक्तीत बदलते.

लिंगे तीनच. शिवाय ती बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटावरून कळतात, ही सोय मराठीतही इतकी नाही. मात्र घर (दोम) तिथे पुल्लिंगी आणि पुस्तक (क्नीगा) स्त्रीलिंगी आहे, तेव्हा मराठी लिंग तिकडे नेऊ नये. भूतकाळ तर घरचाच वाटतो: तो आला, ती आली, ते आले म्हणजे प्रिशोल, प्रिश्ला, प्रिश्लो. दोन्हीकडे 'ल' दिसला म्हणून लगेच नाते जोडण्याचा मोह आवरावा.

क्रियापदांच्या जोड्यांना वेळ द्यावा लागतो. 'चितात' म्हणजे वाचणे आणि 'प्रचितात' म्हणजे वाचून काढणे. मराठीतला हा फरक मनात धरला, तर निम्मे काम होते. आघात, म्हणजे शब्दातल्या एका स्वरावर दिला जाणारा जोर, मात्र प्रत्येक शब्दाबरोबरच शिकावा, कारण आघात नसलेला 'ओ' 'अ'कडे झुकतो, आघाताचे ठिकाण ठरलेले नसते आणि कोश व प्रारंभिक पुस्तके सोडली, तर छापील मजकुरात ते दाखवलेले नसते.