ब्लॉगचं स्थलांतर: सर्व्हर लागला, आता मजकुराशी झटापट

सर्व्हर उभा आहे, ह्यूगो (साध्या फाइलींपासून साइट बनवणारा प्रोग्राम) साइट बांधतोय, कॅडी (वेब सर्व्हर) ती दाखवतोय, ब्राउझरच्या पट्टीत कुलूपही दिसतंय. चाचणीच्या सबडोमेनवर सगळे जुने लेख वाचता येतात. डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ती नोंद) मात्र अजून फिरवलेलं नाही, म्हणजे जगाच्या लेखी मी अजून जुन्या मोफत प्लॅटफॉर्मवरच आहे. तिथून निघण्याचं कारण फार थोर नाही. स्वतःचे लेख स्वतःच्या डिस्कवर साध्या फाइलींच्या रूपात हवे होते, एवढंच.

स्वतःचं होस्टिंग म्हटलं की धास्ती वाटते ती सर्व्हरची. तो भाग सगळ्यात सरळ निघाला. मराठीत लिहिणाऱ्याचा घाम निघतो तो जुन्या पत्त्यांत आणि अक्षरांत, त्यामुळे ही नोंद तिकडेच झुकलेली आहे.

सर्व्हरचं थोडक्यात उरकतो. छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), त्यावर डेबियन लिनक्स. लॉगिन फक्त एसएसएच कीने, पासवर्डचा दरवाजा बंद. फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ एवढेच पोर्ट उघडे. सुरक्षेचे अपडेट आपोआप लागतात. एनजिंक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरऐवजी कॅडी घेतला, कारण त्या कुलपासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं सर्टिफिकेट तो स्वतःच आणतो आणि मुदत संपायच्या बऱ्याच आधी स्वतःच नवं करून घेतो. साइट लॅपटॉपवर बांधायची आणि आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या साधनाने वर ढकलायची. वर ना पीएचपी, ना डेटाबेस.

वर्डप्रेसचा विचार केला होता. लिहिण्याची सोय त्यात नक्कीच जास्त आहे आणि जुना मजकूर आत घ्यायचं साधन तयार मिळतं. पण रोज न लिहिणाऱ्या माणसाने डेटाबेस आणि प्लगिन कायम ताजे ठेवत बसायचं, हे मला पटत नाही. ह्यूगो ही गो भाषेत लिहिलेली एकच फाइल आहे. ती उतरवली की काम सुरू. लेख मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांच्या मजकुरात) राहतात, गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) जातात, आणि उद्या ह्यूगो बंद पडला तरी फाइली वाचता येतात.

आता एक्स्पोर्ट. जुन्या प्लॅटफॉर्मने दिलेली फाइल अॅटम पद्धतीची एक्सएमएल आहे. तिच्यात लेख, पानं, प्रतिक्रिया, एवढंच नाही तर साच्याचा कोड आणि सेटिंगही एकाच रांगेत नोंदी म्हणून बसलेली असतात. प्रत्येक नोंदीचा प्रकार तपासूनच ती उचलावी लागते, नाहीतर साच्याचा अख्खा कोड एक लेख बनून समोर येतो. फोटो त्या फाइलीत नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. म्हणजे फाइल उतरवली म्हणून बॅकअप झाला असं समजणाऱ्यांनी एकदा ती उघडून बघावी.

लेखांचं एचटीएमएल म्हणजे उत्खननच आहे. सगळ्यात वरच्या थरात डावीकडून उजवीकडे लिहायचं सांगणारा एक डिव्ह (एचटीएमएलचा डबा), त्याच्या आत तसाच आणखी एक, कारण संपादकाने दर वेळी नवा गुंडाळला. खाली वर्डमधून चिकटवलेल्या परिच्छेदांचे एमएसओने सुरू होणारे स्टाइल. त्याखाली प्रत्येक शब्दागणिक मंगल फॉन्टचा स्पॅन (शब्दाभोवतीची खूण). पँडॉक या रूपांतर करणाऱ्या साधनाला हे तसंच दिलं तर तो इमानदारीने बरंच काही जपून ठेवतो, म्हणून आधी पायथनमध्ये ब्यूटिफुल सूप या लायब्ररीने सगळे स्टाइल आणि रिकामे स्पॅन काढले आणि मग पँडॉककडे दिलं. जे एचटीएमएल तरीही उरतं ते ह्यूगो गुपचूप गाळतो आणि त्याजागी ‘रॉ एचटीएमएल ओमिटेड’ अशी न दिसणारी टिप्पणी ठेवतो. बांधलेल्या साइटमध्ये ती टिप्पणी ग्रेप या शोधाच्या कमांडने शोधली की कुठल्या लेखातला तक्ता किंवा व्हिडिओ गळाला ते लगेच कळतं. गोल्डमार्क या ह्यूगोच्या मार्कडाउन वाचणाऱ्या भागात ‘अनसेफ’ हे सेटिंग चालू करूनही हे सुटतं. लेख सगळे आपलेच असतील तर त्यात धोका नाही. मी मात्र आधी गळती मोजली, मग ते चालू केलं.

कवितांनी वेगळाच वेळ खाल्ला. मार्कडाउनमध्ये साधी नवी ओळ म्हणजे नवी ओळ नव्हे, त्यामुळे चार ओळींचं कडवं एका ओळीत सपाट होतं. सगळ्या साइटला हार्ड रॅप (प्रत्येक नवी ओळ तशीच ठेवणारं सेटिंग) लावला तर गद्य लेखांमध्ये नको तिथे ओळी तुटतात. शेवटी कवितेसाठी छोटा शॉर्टकोड (मजकुरात घालायचा ह्यूगोचा तुकडा) लिहिला. कविता कुठली हे ओळखायला मात्र डोळेच लागतात. ते काम अजून चालू आहे.

आता अक्षरं. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्ता असलेला ऱ, हलंत आणि य असतात. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग झीरो विड्थ जॉइनर म्हणजे यू+२००डी हे न दिसणारं अक्षर, आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही. वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळे कीबोर्ड वापरले असतील तर एकाच ब्लॉगवर दोन्ही प्रकार असणार. माझ्याकडे एकाच लेखात दोन्ही आहेत.

आणि इथेच तयार स्क्रिप्टांपासून सावध राहायचं. मजकूर स्वच्छ करणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्टांत न दिसणारी अक्षरं झाडून टाकणारी एक ओळ असते. इंग्रजीसाठी ती निरुपद्रवी आहे. मराठीत ती ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ करते, ‘बर्‍याच’चं ‘बर्याच’ करते, आणि हजारो शब्दांवर एका फटक्यात रफार चढतो. जॉइनर काढायचाच असेल तर आधी र, हलंत, जॉइनर या तिकडीला ऱ आणि हलंत यांत बदलून घ्या, मग उरलेले जॉइनर एकेक करून बघा. मी तोच क्रम ठेवला.

अॅ हे तसंच दुसरं दुखणं. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती ५.१ आवृत्तीत, २००८ साली. त्याआधी लोक अ आणि ॅ जोडून काम भागवत, मध्ये कधी जॉइनर घालत, नाहीतर हिंदीचा ऍ वापरत. मी जुने लेख जसेच्या तसे ठेवले आणि शोधाच्या सूचीसाठी सगळी रूपं ॲ या एका रूपात आणली. शोधणाऱ्याने टाइप केलेला शब्दही त्याच चाळणीतून जातो. मजकुराला हात न लावता काम होतं, हा यातला फायदा.

शब्द सुटे करताना पायथनच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलवर विसंबू नका. त्याचा शब्दातली अक्षरं ओळखणारा ‘डब्ल्यू’वाला वर्ग काना-मात्रांना अक्षर मानत नाही. ‘मराठी’तून जे जे अक्षर नाही ते काढ म्हटलं तर ‘मरठ’ उरतं. रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल घेतलं, किंवा युनिकोडच्या खुणांचा वर्ग स्वतः जोडला, की प्रश्न मिटतो.

पत्त्यांचा विषय सगळ्यात जास्त चघळला. जुन्या ठिकाणी पत्ता फक्त लॅटिन अक्षरांतून बनायचा. शीर्षक पूर्ण देवनागरीत असलं की हाताशी एकही अक्षर उरत नसे आणि लेखाचं नाव पडायचं ‘ब्लॉग-पोस्ट.एचटीएमएल’, पुढच्याचं त्यालाच अंडरस्कोअर आणि एखादा आकडा जोडून. पत्त्यात आधी वर्ष आणि महिना असतो, त्यामुळे नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट.एचटीएमएल’ कितीतरी महिन्यांत आहे. रीडायरेक्टची, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची, यादी फाइलच्या नावावरून केली तर निम्मे लेख एकमेकांच्या घरात जातात. पूर्ण मार्ग धरूनच करायची.

नवे पत्ते देवनागरीत ठेवावेत असा मोह झाला होता. ब्राउझरमध्ये छान दिसतात, पण कॉपी करून कुठे चिकटवले की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. देवनागरीचं एक युनिकोड अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, आणि प्रत्येक बाइटला टक्का धरून तीन चिन्हं, म्हणजे एकामागे नऊ. काना, अनुस्वार, हलंत हे सगळे वेगळे मोजायचे. ‘स्थलांतर’ एवढ्याशा शब्दाची ७२ चिन्हं होतात. वर्डप्रेसमध्ये तर हा भाग याच टक्केवाल्या रूपात २०० चिन्हांच्या रकान्यात साठवला जातो, म्हणजे जेमतेम २२ युनिकोड अक्षरांनंतर शीर्षक कापलं जातं. मी रोमन लिपीत छोटे पत्ते हाताने लिहितोय. कंटाळवाणं आहे, पण आपोआप लिप्यंतर करणारी साधनं ‘वाचन’चं शेवटी ‘अ’ लावलेलं काहीतरी करून ठेवतात, ते बघवत नाही.

ह्यूगोत अलियस नावाची सोय आहे, पण ती प्रत्येक जुन्या पत्त्यावर एक छोटं पान ठेवते आणि ते पान ब्राउझरला पुढे ढकलतं. स्वतःचा सर्व्हर असताना खरा ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचा सर्व्हरचा निरोप) द्यावा. लेखांच्या शीर्षभागात जुना मार्ग लिहून ठेवलाय; त्यावरून ह्यूगोच कॅडीसाठी रीडायरेक्टची फाइल तयार करतो. मोबाइलवरून पाठवलेल्या जुन्या दुव्यांच्या शेवटी ‘एम बरोबर १’ असं शेपूट असतं. कॅडी मार्ग जुळवताना ते शेपूट बघतच नाही, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही.

फीड (नवे लेख आपोआप पोचवणारी यादी) वापरणारे वाचक थोडेच उरलेत, पण तेच सर्वात जुने. त्यांच्यासाठी जुन्या फीडचा पत्ता नव्याकडे वळवला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुन्या लेखांची ओळखखूण तीच ठेवली. ह्यूगो फीडमध्ये ओळख म्हणून लेखाचा पत्ता वापरतो. पत्ता बदलला की फीड रीडरला सगळे लेख नवे वाटतात आणि दहा वर्षांपूर्वीचा मजकूर ताजा म्हणून दारात येऊन पडतो. एक्स्पोर्टमध्ये प्रत्येक लेखाची जुनी ओळख असते. ती शीर्षभागात घेतली आणि फीडचा साचा बदलून तिथे वापरली.

फोटोंच्या पत्त्यात आकार लपलेला असतो. मजकुरात दिसतो तो ‘एस३२०’, त्यावर टिचकी मारली की ‘एस१६००’. स्क्रिप्टने सगळीकडे ‘एस०’ घातलं की साठवलेला मूळ आकार मिळतो. काही दुव्यांत १६०० च्या पुढे ‘-एच’ असतं. तिथून फोटोऐवजी एचटीएमएलचं पान उतरतं आणि नाव मात्र जेपीजीच राहतं. उतरवलेली प्रत्येक फाइल खरंच चित्र आहे का, हे फाइल कमांडने तपासावं. ह्यूगो लहान आकाराच्या वेबपी प्रती बनवतो, त्यात कॅमेऱ्याची एक्झिफ माहिती जात नाही. फोटो कुठे काढला हे आपोआप पुसलं जातं, ते बरंच आहे. पण फोटो उभा की आडवा हेही त्याच माहितीत असतं, म्हणून ऑटोओरिएंट लावावं लागतं, नाहीतर माणसं आडवी झोपतात.

दिसण्यावर फार वेळ घालवलेला नाही. पानाच्या मुळाशी भाषा ‘एमआर’ लिहिली, कारण नोटोसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श त्या खुणेवरूनच उमटतात. ती नसेल तर हिंदी वळण येतं. लेखांसाठी तिरो देवनागरी मराठी घेतला, त्यात मराठी वळण मुळातच आहे. इंग्रजी थीममधलं लेटर-स्पेसिंग शोधून शोधून काढलं, कारण त्याने शिरोरेषा तुटते. ओळींतलं अंतर १.७ केलं. फॉन्टची युनिकोड रेंज स्वतः लिहिणार असाल तर ०९०० ते ०९७एफ या देवनागरीच्या पट्ट्यावरच थांबू नका, २००सी आणि २००डी ही न दिसणारी अक्षरं पण घाला.

डीएनएसचा क्रम ठरलाय. स्वतःचं डोमेन आधी जुन्या प्लॅटफॉर्मलाच जोडलं, त्यामुळे जुना सबडोमेन सध्या ३०१ देऊन या डोमेनवर पाठवतोय आणि शोधयंत्रांना नवं नाव कळायला वेळ मिळतोय. टीटीएल (डीएनएसची जुनी नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणलाय. लिंक तपासणाऱ्या लायचीच्या अहवालात तुटलेले आतले दुवे संपले की नोंद बदलायची. त्यानंतर जुन्या सबडोमेनवरून येणाऱ्याला मध्ये ‘पुढे जायचं का’ असं विचारणारं पान दिसतं, हे माहीत आहे. एक टिचकी जास्त, त्याला इलाज नाही. जुना ब्लॉग पुसणार नाही.

प्रतिक्रियांचं अर्धवट राहिलंय. जुन्या सगळ्या, कुणी कुणाला उत्तर दिलं त्या क्रमासह, लेखाखाली साध्या मजकुरात गोठवून ठेवल्या. एक्स्पोर्टमध्ये लिहिणाऱ्यांचे खरे ईमेल नसतात, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. प्रोफाइलचे मेलेले दुवे काढून फक्त नावं ठेवली. नव्या प्रतिक्रियांसाठी इस्सो हा प्रतिक्रियांचा प्रोग्राम चाचणीवर आहे. पायथनवर चालतो, सगळं एका एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलीत ठेवतो. पण मग सर्व्हरवर सतत चालणारं आणि बॅकअप घ्यावं लागणारं एक प्रकरण आलंच, जे टाळायला मी वर्डप्रेसचा विचार सोडला होता. दुसरा मार्ग म्हणजे लेखाखाली नुसता ईमेलचा दुवा. डीएनएस फिरवेन तेव्हा ईमेलने सुरुवात करेन, आणि कवितांची तपासणी संपल्यावर इस्सोकडे पुन्हा बघेन.