इन्व्हर्टर असताना नॅसला वेगळा यूपीएस कशाला?

घरात इन्व्हर्टर आहे, वीज गेली तरी पंखे, दिवे आणि वायफाय चालू राहतात, मग नॅससाठी, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइल नेटवर्कवरून साठवणाऱ्या डिस्कच्या पेटीसाठी, वेगळा यूपीएस घेऊन वीज गेल्यावर नॅस आपोआप बंद व्हावा ही खटपट कशासाठी करायची, हा प्रश्न नॅस घेतलेली ओळखीची मंडळी मला हमखास विचारतात. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इन्व्हर्टर वीज पुरवतो, पण वीज गेल्याची वर्दी कोणाला देत नाही. घरगुती इन्व्हर्टरला बहुधा डेटा केबलची सोयच नसते; बॅटरी संपत आल्याचे त्याच्या पिपाणीवरून घरातल्या माणसाला कळते, नॅसला नाही. मध्यरात्री ती बॅटरी संपली की फाइल लिहिली जात असतानाच पुरवठा तुटतो. डिस्कवर उतरायचा राहिलेला, रॅममध्ये असलेला मजकूर जातो. रेड ५ सारख्या, अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या मांडणीत डेटा आणि पॅरिटी (एखादी डिस्क गेल्यास डेटा परत मिळवून देणारी जादा माहिती) यांचा मेळ बिघडू शकतो आणि पुन्हा सुरू केल्यावर मोठ्या डिस्कची पडताळणी तासन्‌तास चालते. झेडएफएससारख्या फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फाइल मांडण्याच्या व्यवस्थेचा, सांगाडा अशा धक्क्यातून सहसा वाचतो, मात्र शेवटच्या काही सेकंदांचे लिखाण तिथेही हाती लागत नाही. तुमची डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ माहिती ठेवते तिच्यात १९२ क्रमांकाची नोंद असेल तर ती उघडून पाहा: बहुतेक डिस्कवर, पुरवठा अचानक तुटल्यामुळे हेड (डिस्कवर वाचणारा-लिहिणारा भाग) घाईने मागे घ्यावे लागल्याचे प्रसंग तिथे मोजलेले असतात.

तेव्हा यूपीएस घेताना तो किती मिनिटे चालतो हे नंतर विचारा. आधी त्याच्या मागच्या बाजूला, वीज गेल्याची वर्दी नॅसला देण्यासाठी, डेटाचा यूएसबी पोर्ट आहे का ते पाहा. संगणकाबरोबर सर्रास विकल्या जाणाऱ्या ६०० व्हीए क्षमतेच्या स्वस्त यूपीएसमध्ये तो पुष्कळदा नसतो, आणि तसा यूपीएस या कामाला इन्व्हर्टरइतकाच मुका असतो. पोर्ट असेल तर सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर कंट्रोल पॅनलमधील ‘हार्डवेअर अँड पॉवर’ या भागात यूपीएसचा आधार सुरू करणे एवढेच काम उरते. सुटे भाग जुळवून घरीच तयार केलेल्या लिनक्स यंत्रासाठी ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’, म्हणजेच ‘नट’, हे सॉफ्टवेअर आहे. यूएसबी केबल एकाच यंत्राला जोडायची आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून नेटवर्कवरून, ३४९३ क्रमांकाच्या पोर्टवर, खबर घ्यायची, अशी त्याची रचना असल्यामुळे राउटर आणि स्विच हेही यूपीएसवरच असले पाहिजेत, नाहीतर खबर वाटेतच अडकते.

खरा पेच यूपीएसला इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडले की सुरू होतो. वीज गेली तरी यूपीएसला समोर पुरवठा दिसत राहतो, त्यामुळे इन्व्हर्टर आडवा होईपर्यंत तो काहीच कळवत नाही. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखाच गुळगुळीत पुरवठा देणारा, असेल तर मला हे चालते, किंबहुना आवडते, कारण नॅस काही तास निर्धास्त चालतो आणि अखेरच्या पाच-दहा मिनिटांपुरती यूपीएसची बॅटरी हाताशी राहते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा पुरवठा मात्र बरेच यूपीएस स्वीकारत नाहीत आणि वीज गेल्यासारखे स्वतःच्या बॅटरीवर जातात. अशा घरात गिझर किंवा एसीची, इन्व्हर्टरला न जोडलेली लाइन मी यूपीएसला देतो.

बंद होण्याची वेळ ठरवताना ‘बॅटरी संपत आली की’ हा पर्याय मी निवडत नाही. लेड-ॲसिड बॅटरी जुनी झाली की भार पडताच तिचा व्होल्टेज एकदम कोसळतो, आणि तो इशारा मिळेपर्यंत डिस्क बंद करण्याइतकाही वेळ उरत नाही. त्यापेक्षा वीज गेल्यावर पाच मिनिटांनी बंद, असा सरळ नियम बरा. वीज येऊन अर्ध्या तासात पुन्हा जाणे पावसाळ्यात आपल्याकडे नेहमीचेच, आणि एवढ्या वेळात बॅटरी पूर्ण भरत नाही; म्हणून दुसऱ्या खेपेसाठीही काही शिल्लक ठेवावी लागते.

लिनक्स यंत्राच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. यंत्र बंद झाले, पण यूपीएस जिवंत असतानाच वीज परतली, तर यंत्राच्या दृष्टीने पुरवठा कधी तुटलाच नाही आणि ते आपणहून सुरू होत नाही. त्यासाठी बंद होता होता यूपीएसलाही थोड्या वेळाने पुरवठा तोडण्याची आज्ञा द्यावी लागते. नटच्या यूएसबी ड्रायव्हरमध्ये ही मुदत मुळात २० सेकंदांची असते. तुमचे यंत्र बंद व्हायला याहून जास्त वेळ घेत असेल तर ती वाढवा, आणि बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर सुरू होण्याचा पर्याय निवडून ठेवा.

हे सगळे झाल्यावर, काही कॉपी होत नसताना, एकदा चाचणी घ्या. यूपीएसचा प्लग ओढू नका, त्याने अर्थिंगही तुटते. भिंतीवरचे बटण बंद करा. नटमध्ये ‘ओएल’ (पुरवठा चालू) ऐवजी ‘ओबी’ (बॅटरीवर) दिसले, ठरल्या वेळी डिस्क थांबल्या आणि बटण चालू केल्यावर नॅस आपोआप उठला, तर जोडणी बरोबर आहे. बॅटरी जुनी होत जाते, म्हणून हीच चाचणी दर सहा महिन्यांनी पुन्हा करावी.