खाज : शून्य

गुऱ्हाळात काहिलीपाशी उभा राहणारा माणूस घामानं निथळत असतो. अशा माणसाच्या हातावरचा तळव्याएवढा एकच भाग कोरडा राहत असेल, तर ते सगळ्यात आधी त्याच्या स्वतःच्या लक्षात येतं. माझ्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. ज्या मामांची ही गोष्ट, त्यांच्या परवानगीनं हे लिहिते आहे. त्यांचं आणि गावाचं नाव देत नाही.

मी बेळगावात त्वचारोगाची डॉक्टर आहे. त्या हंगामात आमच्याकडे नायट्यावर अभ्यास सुरू होता. टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल या दोन गोळ्यांपैकी कुणानं किती गुण येतो आणि गोळ्या थांबवल्यावर किती जणांचा नायटा पुन्हा उलटतो, हे पाहायचं होतं. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमानं जाणारा नायटा आता घरातल्या सगळ्यांना धरतो आणि महिनोन्‌महिने हटत नाही. एक तर बुरशीच बदलली आहे. २०२० साली तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळालं. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमला जाऊन धरतं, त्याच्याच जनुकात तिच्या बऱ्याच वाणांनी बदल करून घेतलाय. दुसरं कारण दुकानात मिळणाऱ्या ट्यूबा. त्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि वर जोरदार स्टिरॉइड. लावल्या रात्री खाज थांबते, म्हणून माणूस लावतच राहतो. २०१८ साली असली स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी दर दुसऱ्या पेशंटच्या पिशवीतून पिळून चपटी झालेली ट्यूब निघतेच.

अभ्यासासाठी माणसं शोधायला आम्ही चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठच्या गावांत शिबिरं घेत होतो. शाळेचा वर्ग, दोन टेबलं, बाहेर व्हरांड्यात शंभरावर माणसं. तिथं मी या मामांना पहिल्यांदा पाहिलं. पन्नाशीचे, गुऱ्हाळावरचे गुळवे. डाव्या हाताच्या कोपराखाली गोल चट्टा, कडेला उंचावलेला, मध्ये निवळलेला. चार महिने ट्यूब लावलेली. मी बाही वर करायला सांगितली, बघितलं, कागदावर नायटा लिहिलं, ट्यूब बंद ठेवायला सांगून तीन आठवड्यांनी बेळगावला तपासणीला बोलावलं. जेमतेम दीड मिनिट. शर्ट काढायला सांगितला नाही. मागं रांग होती हे खरं, पण त्यानं माझी चूक कमी होत नाही.

ठरल्या दिवशी मामा पहिल्या एस्टीनं आले. समन्वयक मुलीनं त्यांना संमतीपत्र वाचून दाखवलं. आमच्याकडे ते कानडी आणि मराठी दोन्ही भाषांत असतं, आधी भाषांतर करून मग दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून ताडून पाहिलेलं. मग प्रश्नावली, मग चट्ट्याच्या कडेची खपली ब्लेडनं खरवडून काचेवर. त्यावर दहा टक्क्यांच्या कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकून वीसेक मिनिटं ठेवलं की कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे उरतात, काचेवर वाळलेल्या मुळ्यांसारखे. त्या काचेवर काहीच नव्हतं. नियम साफ होता. बुरशी दिसली नाही तर अभ्यासात घ्यायचं नाही. मुलीनं कागदावर तसा शेरा मारला, येण्या-जाण्याचं भाडं दिलं आणि फाईल सहीसाठी माझ्यापुढं ठेवली.

सही करता करता दोन गोष्टींनी हात थांबला. पहिली म्हणजे रिकामी काच. स्टिरॉइड चोळलेल्या नायट्यात बुरशी उलट माजलेली असते, पहिल्याच नजरेत सापडते. त्यातून तीन आठवडे ट्यूबही बंद होती. दुसरी म्हणजे खाजेचा रकाना. शून्य ते दहा अशी मोजपट्टी, आणि तिथं शून्य. नायट्याच्या माणसाला खाज नाही? रात्री झोप न लागलेली, मांड्या ओरबाडून रक्त काढलेली माणसं मी रोज बघत होते.

मी धावत बाहेर गेले. मामा फाटकाजवळ चहा पीत होते.

"मामा, खरंच खाजत नाही?"

"न्हाई म्याडम. खाजलं असतं तर कवाच दावला असता."

आत आणलं. कापसाच्या बोळ्यातून एक धागा ओढून पिळला, टोक बारीक केलं. डोळे मिटायला सांगितले, आणि जिथं स्पर्श होईल तिथं दुसऱ्या हाताच्या बोटानं दाखवायला. खांद्यावर लावला, बोट तिथं. दंडावर लावला, बोट तिथं. मनगटावर, तिथंही बरोबर. चट्ट्याच्या मधोमध लावला. मामा डोळे मिटून थांबलेले, बोट हवेत. पुन्हा लावला.

"लावा की."

"लावलाय मामा."

त्यांनी डोळे उघडले, हाताकडं बघितलं. कापूस चट्ट्यावरच होता. "न्हाई ओ," ते म्हणाले, "तुम्ही लावलंच न्हाई."

मी त्यांचा कोपर थोडा वाकवला आणि आतल्या हाडामागच्या खाचेत बोटं फिरवली. तिथून जाणारी अल्नर नस निरोगी माणसात बोटाखाली मऊ लागते. मामांची सुतळीसारखी जाड झाली होती. दाबल्यावर ते कळवळले. मग शर्ट काढायला सांगितला. पाठीवर तीन चट्टे, कमरेला दोन, मांडीवर एक. फिकट, कोरडे. हातावरचा धरून सात. करंगळीच्या बाहेरच्या कडेला भाजल्याचा जुना वण होता. कधी भाजलं, मामांना माहीत नव्हतं. "काहिलीची कड लागली आसंल," एवढंच.

हा कुष्ठरोग होता. नायट्यासारखाच गोल, कडेला उठलेला, आणि म्हणूनच डॉक्टरला फसवणारा. पण यातले जंतू नसांत घर करतात. आधी गरम-गार कळेनासं होतं, मग स्पर्श, घाम येणं थांबतं, केस जातात. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सननं हा जंतू दाखवला, आणि आजवर तो प्रयोगशाळेच्या बशीत कुणाला वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला दोन आठवडे लागतात. त्यामुळे आजार वर्षानुवर्षं मुकाट राहतो.

मला जास्त लागलं ते पुढचं. आमच्या प्रश्नावलीत हा प्रश्न होता, मराठीत छापलेला: "चट्ट्याच्या जागी बधिरता जाणवते का?" उत्तर, नाही. मी मामांना पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "बधिर कुठला? ऐकू चांगलं येतंय की मला." शाळेच्या पाटीवर मूकबधिर असं लिहिलेलं असतं, तोच त्यांचा बधिर. गावच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर कानडीत रंगवलंय, 'स्पर्शज्ञानविल्लद मच्चे', म्हणजे स्पर्श न कळणारा डाग. त्याखालून ते कितीदा तरी गेलेत. कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. आणि स्वतःच्या भाषेत मात्र त्यांनी ते मला केव्हाचं सांगितलं होतं. शिबिरात, बाही खाली करताना, "घाम येतोय पर एवढं कोरडंच ऱ्हातंय" असं ते म्हणाले होते. मी पुढच्या माणसाचा कागद ओढत होते.

मग त्यांनी गुऱ्हाळाचं सांगितलं, कुणी न विचारता. एका आदणाचा, म्हणजे एका काहिलीभर रसाचा, गूळ उतरवायचा क्षण गुळवाच ठरवतो. उकळता पाक पाण्यात टाकायचा, चिमटीत धरून गोळी वळायची. गोळी नीट वळली की काहील उतरवायची. जरा उशीर झाला तर गूळ करपट आणि काळा, लवकर उतरवला तर चिकट, ढेप धरत नाही. त्या हिवाळ्यात मामांच्या हातची दोन आदणं बिघडली होती. मालक काही बोलला नव्हता, पण बघत होता. "गोळी चिमटीतनं निसटाय लागली म्याडम. मला वाटलं वय झालं." मी त्यांच्या अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला दिला आणि ओढला. सहज निघून आला. चिमटीचा जोर अल्नर नसेवर असतो.

कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन घेतलेला नमुना तपासला, जंतू दिसले नाहीत. कातडीचा तुकडा काढून पाठवला, त्यात नसांभोवती गाठी होत्या. पाचापेक्षा जास्त चट्टे, म्हणून बारा महिन्यांचा उपचार: महिन्यातून एकदा समोर बसून रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिनचा मोठा डोस, रोज डॅप्सोन आणि थोडं क्लोफाझिमिन. लघवी लाल होईल, कातडी काळवंडेल, घाबरायचं नाही, हे आधीच सांगून ठेवलं. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं. नसेची सूज नवी होती, सहा महिन्यांच्या आतली, म्हणून प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टिरॉइड लगेच सुरू केलं. ते किती दिवस द्यायचं यावर भारतासह चार देशांत अभ्यास झालाय, २० आठवडे आणि ३२ आठवडे यांच्या निकालात फरक पडला नाही. जास्त दिवस स्टिरॉइड खाण्याचे हाल त्यामुळे वाचतात.

तो काचेचा नियम नसता तर मामा आमच्या अभ्यासात शिरले असते. आठ आठवडे इट्राकोनॅझोल खाल्लं असतं, चट्टा तसाच राहिला असता, आणि आम्ही आकड्यांत लिहिलं असतं, औषध लागू पडलं नाही. तोवर करंगळी आत वळली असती. नियम कंटाळवाणे वाटतात, मलाही वाटायचे.

सगळ्यात अवघड पुढचं होतं. घरच्यांना तपासायचं, आणि आजार नसेल त्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस द्यायचा. बांगलादेशातल्या मोठ्या अभ्यासात, २००८ साली छापलेल्या, एकवीस हजारांवर निकटच्या माणसांत या एका डोसानं पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी कमी झाले होते. पण त्यासाठी कुणाला काय झालंय ते सांगावं लागतं, आणि ती परवानगी पेशंटची. 'महारोग' हा शब्द मामांनी स्वतःच उच्चारला, दार बंद आहे का बघून. पहिल्या डोसनंतर लवकरच संसर्ग थांबतो, हे मी तीनदा सांगितलं. बायको, मुलगा, सून, नातू यांना चालेल म्हणाले. गुऱ्हाळावरच्या माणसांना नाही. "माझ्या हातचा गूळ कोन घेईल?" मी आग्रह केला नाही. त्यांच्याजागी मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

प्रश्नावली बदलायला एथिक्स कमिटीकडं गेलो. 'बधिरता' गेली. आता दोन्ही भाषांत विचारतो, हात लावलेला कळतो का, गरम-गार कळतं का, तिथं घाम येतो का. आणि खाज शून्य असेल तर समन्वयकानं फाईल घेऊन थेट माझ्याकडं यायचं.

चौथ्या महिन्याच्या डोसाला मामांची चिमटी कागद धरायला लागली होती, सैल, पण धरत होती. करंगळी अजून मुकीच होती. चट्टे फिके पडत होते. गुऱ्हाळ तेव्हा बंद झालेलं, हंगाम संपलेला. त्या दिवशी बाहेर बाकावर तिघे जण बसले होते. एक चुलवाणात चिपाडं घालणारा, एक रस उपसणारा, तिसरा मालकाचा पुतण्या. कागद कुणाकडंच नव्हता.

"कुणी पाठवलं?" मी विचारलं.

"गुळव्यानं," चुलवाण्या म्हणाला, आणि दारातच शर्टाची बटणं सोडायला लागला.