कॅथरीन गन

लेकीला आज नागरिकशास्त्रातला संयुक्त राष्ट्रांचा धडा शिकवत होतो. ती म्हणाली, "बाबा, मोठ्या देशांना सगळं माहीत असतं ना?" मला कॅथरीन गन आठवली. ब्रिटनच्या गुप्तहेर संस्थेतली २८ वर्षांची भाषांतरकार. २००३ मध्ये इराकवर हल्ल्याची तयारी चालू असताना तिने एक ईमेल वाचला. सुरक्षा परिषदेतल्या देशांवर पाळत ठेवायला अमेरिका मदत मागत होती. तिने तो बाहेर फोडला. अटक झाली, नोकरी गेली, खटला उभा राहिला. २००४ मध्ये तो सरकारी पक्षाने सोडून दिला. आणि हल्ल्यासाठी ज्या महासंहारक शस्त्रांचं कारण सांगितलं होतं, ती इराकमध्ये सापडलीच नाहीत! लेकीला हे सगळं सांगितलं, परीक्षेत येणार नसलं तरी. युद्ध पुकारणारे तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश आणि ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअर कधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले नाहीत. गन राहिली. याचा मला आजही संताप येतो.